बिदागीचा रकाना : नाशिकमधील एका मदतनिधी लोकसंगीत मैफलीचा प्रकरण अभ्यास

नाशिक शहरातल्या सरकारी दवाखान्यांत सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून रुग्ण येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर घरातली एक-दोन माणसे येतातच. रुग्णाला खाट मिळते; सोबतच्या माणसाने रात्र कोठे काढायची आणि दोन वेळा काय खायचे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा असतो. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली की सुरगाण्याच्या बाजूच्या माणसाला सकाळपर्यंत परतीचा मार्ग राहत नाही. ज्या संस्थेच्या कार्यक्रमाचे हे प्रकरण आहे, ती अशा सोबत्यांसाठी एक निवारा चालवते. तेथे अंथरूण-पांघरूण मिळते, दोन वेळची भाजी-भाकरी मिळते, आणि दवाखान्याचे कागद वाचून समजावून सांगणारा एक माणूस असतो. संस्था लहान आहे; 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली तिची नोंदणी आहे आणि तिचा खर्च मुख्यतः देणग्यांवर भागतो. मी काही वर्षे या संस्थेचा कोषाध्यक्ष होतो. हिशेबाची वही माझ्या हातात होती, त्यामुळे पुढे जे चुकले त्यातला मोठा वाटा माझा आहे, आणि ते लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते.

निधीसाठी दरवर्षी एक लोकसंगीताची मैफल करावी, ही कल्पना निवाऱ्यातूनच निघाली होती. मुक्कामाला येणाऱ्यांमध्ये गाणारी, वाजवणारी माणसे असत आणि रात्री जेवणे आटोपल्यावर कोणीतरी ओव्या म्हणे, कोणीतरी भजन धरी. पहिल्या वर्षी एका शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकून कार्यक्रम झाला, झोळी फिरवली आणि जे जमले ते महिन्याभराच्या धान्याला पुरले. पुढे देणगीदार वाढले आणि त्यांच्या अपेक्षाही वाढल्या. पटांगणाची जागा नाट्यगृहाने घेतली, सतरंजीची जागा क्रमांकाच्या खुर्चीने घेतली, झोळीची जागा तीनशे रुपयांच्या तिकिटाने घेतली. या बदलात वाईट काही नव्हते. मात्र प्रत्येक बदलाबरोबर खर्चाच्या यादीत एक नवी ओळ येत गेली आणि ती प्रत्येक ओळ कलाकारांच्या ओळीच्या वर बसत गेली, याकडे आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नाही.

त्या वर्षीची मैफल

ज्या वर्षाविषयी मी लिहितो आहे, त्या वर्षी कार्यक्रम जानेवारीतल्या एका शनिवारी होता. वणीच्या बाजूचे गोंधळी, मालेगावजवळच्या चंदनपुरीच्या खंडोबाच्या यात्रेत जागरण घालणारा वाघ्या-मुरळीचा संच, निफाड तालुक्यातले भारूडकार, सुरगाण्याच्या बाजूचे, पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणारे एक पावरीवादक आणि थाळीवर कथा लावणारे, कोकणा या आदिवासी समाजातले एक वयस्कर कथेकरी असा तो संच होता. यांच्या जोडीला शहरातला एक वाद्यवृंद होता, जो 'लोकगीते' म्हणून प्रसिद्ध चालींची गाणी सादर करणार होता. ती गाणी नामवंत कवी आणि संगीतकारांची असल्यामुळे त्यांच्या जाहीर सादरीकरणासाठी स्वामित्व हक्काचे शुल्क भरावे लागले, तर ज्या परंपरेच्या नावावर तिकिटे विकली गेली तिच्यासाठी कोणालाच काही द्यावे लागले नाही. ही विसंगती मला त्या वेळी खटकायला हवी होती.

नाट्यगृह भरले आणि टाळ्या भरपूर पडल्या. आठवड्याने हिशेब मांडला तेव्हा मात्र निवाऱ्यासाठी उरलेली रक्कम एवढी कमी होती की ज्यांनी गावभर फिरून तिकिटे विकली होती त्या कार्यकर्त्यांना ती सांगताना मला संकोच वाटला. जमलेल्या पैशातला निम्म्याहून अधिक भाग कार्यक्रमावरच गेला होता. नाट्यगृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, प्रकाशयोजना, मागचा फलक, छपाई, पाहुण्यांच्या शाली-श्रीफळे, वाद्यवृंदाचे मानधन आणि जेवणाचा ठेकेदार असा तो क्रम होता. सर्वांत खाली 'ग्रामीण कलावंत : प्रवासखर्च' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढचा आकडा फुलांच्या सजावटीपेक्षा थोडासा अधिक होता.

या ओळीमागे कोणाची लबाडी नव्हती. कार्यक्रम गरिबांच्या मदतीसाठी आहे, तेव्हा कलावंतांनी सेवा म्हणून यावे, असे आम्ही त्यांना मनापासून सांगितले होते आणि त्यांनीही मान डोलावली होती. वाद्यवृंदाने पहिल्याच भेटीत दर सांगितला आणि आम्ही तो मान्य केला. ध्वनिव्यवस्थापकाने निम्मी रक्कम आगाऊ मागितली आणि आम्ही ती दिली. ज्यांनी दर सांगितला त्यांना दर मिळाला. ज्यांच्या तोंडून दराचा शब्द संकोचाने निघाला नाही त्यांच्या वाट्याला सेवा आली.

दिवटी आणि थाळी

पैशाचा प्रश्न आणि कलेचा प्रश्न वेगळे असतात, असे समितीतल्या काहींचे मत होते, आणि मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते. त्या रात्रीच्या दोन घटनांनी ते मत माझ्यापुरते मोडून काढले.

गोंधळ दिवटीशिवाय, म्हणजे तेलावर जळणाऱ्या हातातल्या मशालीशिवाय, उभा राहत नाही. संबळ, तुणतुणे आणि झांज ही वाद्ये, पण देवीची साक्ष ती दिवटीची. तिच्या ज्योतीपुढे गावोगावच्या देवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलावले जाते आणि मगच आख्यान सुरू होते. नाट्यगृहात उघडी ज्योत नेण्यास मनाई असते, आणि ती योग्यच आहे. पडदे, लाकडी मंच आणि शेकडो माणसे असलेल्या बंद जागेत दुसरा नियम असू शकत नाही. चूक एवढीच की हे आम्हाला ठाऊक असूनही संचाला कोणी आधी सांगितले नव्हते. व्यवस्थापकांनी मंचामागे दिवटी पाहिली आणि कार्यक्रम वीस मिनिटे अडला. कोणीतरी विजेरीचा दिवा सुचवला. संचाचे म्होरके शांतपणे म्हणाले, "साहेब, बॅटरी लावून देवीला बोलवायचं म्हंजे तिला फसवल्यासारखं होईल." शेवटी आवाहन बाहेरच्या पोर्चमध्ये झाले. तेथे चहावाला, दोन रखवालदार आणि उशिरा आलेले दहा-बारा प्रेक्षक एवढीच मंडळी होती. आत आख्यान सुरू झाले तेव्हा दिवटी शांत करायला म्होरके तयार नव्हते, म्हणून संचातला चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा ती हातात धरून पोर्चच्या खांबाशी उभा राहिला. मी दोनदा बाहेर गेलो. दोन्ही वेळा तो बुधलीतून तेल सोडत होता आणि वाऱ्याकडे पाठ करून ज्योतीला आडोसा देत होता. आतले संबळ त्याला दारातून ऐकू येत होते. कार्यक्रमपत्रिकेत संचाचे चार जण होते. हा पाचवा आमच्या कोणत्याही यादीत नव्हता.

दुसरी घटना थाळीची. कोकणा समाजातले कथेकरी काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक काडी उभी बसवतात आणि त्या काडीवरून ओलसर बोटे वरून खाली ओढत राहतात. त्यातून एक सलग, गुणगुणता सूर निघतो आणि त्या सुराच्या आधाराने रात्रभर कथा चालते. हा आवाज मोठा नसतो. आमच्या ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरवर 'नॉइज गेट' नावाची सोय चालू होती, जी ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करते, म्हणजे मंचावरची खुडबुड प्रेक्षकांना ऐकू येत नाही. कथेकऱ्यांचा सूर नेमका त्या पातळीच्या सीमेवर होता. ते मोठ्याने गात तोवर थाळी ऐकू येई. ते थांबले की शेजारच्या स्पीकरमधून थाळीचा आवाज एकदम तुटे. काडी सैल झाली असावी असे त्यांना वाटले. त्यांनी गाणे थांबवले, बुडाशी असलेले मेण अंगठ्याने मऊ केले, काडी पुन्हा बसवली, बोटे ओली केली आणि सूर लावला. तो पुन्हा तुटला. त्यांनी पुन्हा मेण दाबले. बारा मिनिटांपैकी बराचसा वेळ त्यातच गेला आणि प्रेक्षकांनी सहानुभूतीने टाळ्या वाजवल्या. दोष थाळीत नव्हता, तो यंत्राच्या एका खटक्यात होता, आणि पाच मिनिटांच्या पूर्वतपासणीत तो सापडला असता.

पूर्वतपासणी का झाली नाही, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. आम्ही फक्त एसटीचे भाडे देणार होतो, म्हणून कथेकरी दुपारच्या एसटीने आले. ती उशिरा पोचली, तोवर तपासणीचा सगळा वेळ वाद्यवृंदाने घेतला होता. मानधन दिलेल्या संचासाठी आम्ही सकाळपासून गाडी, चहा आणि माणूस उभा केला होता. ज्याला पैसे दिले जातात त्याच्या वेळेलाही किंमत दिली जाते. ज्याला दिले जात नाहीत त्याची बारा मिनिटे वाया गेली तरी कोणी जाब विचारत नाही.

दोन रोज

मैफल संपायला रात्रीचे साडेअकरा झाले. परतीची सोय नव्हती, म्हणून सुरगाण्याकडचे दोघे निवाऱ्यावरच झोपले. सकाळी प्रवासखर्चाचे पाकीट द्यायला मी गेलो तेव्हा कथेकरी भिंतीला टेकून थाळी फडक्यात बांधत होते. पाकीट घेऊन त्यांनी ते न उघडता सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि मला विचारले, "दादा, इथून दिंडोरीची पहिली गाडी कवा हाय?" दिंडोरीला कशाला, असे मी विचारले. त्यांच्या गावची टोळी द्राक्षाच्या बागेवर होती आणि तेही तिच्याबरोबर होते. कार्यक्रमासाठी ते बागेवरूनच सुटी काढून आले होते. "शनवार बुडला. आज येळेवर पोचलो तर पोचलो, न्हाय तर आजचाही रोज बुडंल," एवढेच ते म्हणाले, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता.

जानेवारी ते एप्रिल हा दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षाच्या काढणीचा काळ असतो आणि सुरगाणा-पेठ भागातली कुटुंबे त्या काळात टोळ्या करून बागांवर कामाला येतात, हे नाशिकमध्ये राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. मलाही ते माहीत होते. फक्त ज्याच्याकडून मी सेवा मागितली होती तो त्या टोळीत असू शकतो, हे माझ्या मनात आले नाही. पाकिटातली रक्कम त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीहून कमी होती. म्हणजे निवाऱ्याला त्या रात्री सर्वांत मोठी देणगी कोणी दिली असेल, उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर, ती पहिल्या रांगेतल्या कोणीही दिलेली नव्हती, आणि जिने ती दिली त्या व्यक्तीच्या नावाची पावती आम्ही फाडली नव्हती. ज्यांच्यासाठी निवारा आहे त्याच गावांतल्या माणसाच्या मजुरीतून आम्ही निवारा चालवत होतो.

समितीतील चर्चा

मी हे समितीपुढे मांडले तेव्हा चर्चा सोपी झाली नाही. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे होते की लोककला मुळात देवासाठी आणि गावासाठी असते, तिला दर लावला की तिचा बाजार होतो. हे म्हणणे मनापासूनचे होते आणि शहरात ते सर्रास ऐकू येते. पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. गोंधळाला सुपारी दिली जाते, म्हणजे कार्यक्रम आगाऊ ठरवला जातो. तारीख, संचातली माणसे आणि बिदागी तिथेच ठरते. बिदागीशिवाय शिधा असतो, चौकावर पडणारी ओवाळणी असते. जागरणातही तसेच आहे. वासुदेवाला पहाटे सुपातून धान्य घातले जाते ते गाण्याचे मोल म्हणूनच. गावाने आपल्या गाणाऱ्याला कधीही फुकट गायला लावलेले नाही. 'सेवा' हा शब्द आमचा होता, आणि तो वापरून आम्ही परंपरेतली सर्वांत जुनी अट, म्हणजे बिदागीची अट, मोडली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा होता. मानधन दिले तर निवाऱ्याला उरणार काय? या प्रश्नावर दोन बैठका गेल्या आणि उत्तर कायद्याच्या एका साध्या भेदातून मिळाले. तिकीट घेणारा माणूस कार्यक्रम विकत घेतो, तो देणगी देत नाही. म्हणूनच आयकर अधिनियम 1961 च्या कलम 80जीखालची सवलत तिकिटाच्या रकमेवर मागता येत नव्हती. आम्ही मात्र तिकिटाचा आणि देणगीचा पैसा एकाच खात्यात एकत्र करून त्यातून आधी कार्यक्रमाचा खर्च वजा करत होतो, म्हणजे निवाऱ्यासाठी दिलेली देणगीही अंशतः फलकावर आणि दिव्यांवर जात होती. ठरले असे की तिकिटातून कार्यक्रम उभा राहावा आणि तो तेवढ्याच मापाचा असावा; देणगी वेगळ्या पावतीने घ्यावी आणि तिच्यातला एकही रुपया मैफलीकडे वळू नये. तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही, आणि लोककलेच्या सादरीकरणासाठी कलावंताला दिलेल्या मानधनावरही दीड लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. त्यामुळे मानधनाने हिशेब गुंतागुंतीचा होईल ही भीतीही निराधार निघाली.

अंदाजपत्रक नव्याने लिहिताना बिदागीची ओळ सर्वांत वर घेतली. तिच्यात बुडणारे रोज, गाडी आणि मुक्काम धरला. त्यानंतर जे उरेल त्यात बाकीचे बसवायचे होते, आणि ते बसवताना नाट्यगृह, फलक, शाली आणि वाद्यवृंद आपोआप गळाले.

बदललेले स्वरूप

तारीख ठरवण्याचे काम अपेक्षेपेक्षा अवघड निघाले. नवरात्रात गोंधळी मोकळे नसतात, तुळशीचे लग्न झाले की लग्नसराईच्या सुपाऱ्या सुरू होतात. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा, म्हणजे आदिवासींच्या डोंगरदेवाच्या व्रताचा, उत्सव असतो आणि तेव्हा पावरी व्रताच्या कामाला लागलेली असते. पौषापासून खंडोबाच्या यात्रा, आणि द्राक्षे आहेतच. दिवाळीचा पाडवा ते तुळशीचे लग्न एवढीच फट उरली. भात घरात आलेले असते, टोळ्या निघालेल्या नसतात. शहरातली काही मंडळी सुटीत बाहेरगावी जातात, म्हणून तिकिटे कमी जातील हे मान्य करून आम्ही भाऊबीजेनंतरचा शनिवार धरला.

जागा पुन्हा शाळेच्या पटांगणाची. दिवटी उघड्यावर लागली आणि आवाहन सगळ्यांसमोर झाले. उघड्यावरच्या ध्वनिवर्धकाला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाची मर्यादा असल्याने सुरुवात सहाला केली. थाळीच्या कथेसाठी ध्वनिव्यवस्थापकाला दुपारी कथेकऱ्यांसमोर बसवले. गेट बंद ठेवायचा आणि माईक थाळीच्या कडेपाशी, खालच्या बाजूने लावायचा, हे त्या दोघांनी मिळून ठरवले. कथेला चाळीस मिनिटे दिली. रात्रभराच्या कथेपुढे ती काहीच नव्हेत, पण एक प्रसंग पुरा झाला. पावरीवादकांनी उत्सवातले काही सूर मंचावर वाजवणार नाही असे सांगितले. तो निर्णय त्यांचाच होता आणि त्यावर चर्चा करण्याचा आम्हाला अधिकार नव्हता.

कलावंतांनी आम्हाला एकच गोष्ट आपणहून मागितली, ती म्हणजे तारीख, ठिकाण आणि सादर केलेली कला स्पष्ट लिहिलेले, शिक्क्याचे पत्र. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजनेत पन्नाशीच्या पुढच्या पात्र कलावंताला दरमहा 5,000 रुपये मिळतात. अर्जाबरोबर कलेचे पुरावे लावावे लागतात, आणि ज्याने जन्मभर गावाच्या मांडवात गायले त्याच्याकडे कागद नसतो. आधीच्या सगळ्या वर्षांत आम्ही शाली दिल्या. अर्जाला शाल लावता येत नाही. जुन्या कार्यक्रमपत्रिका शोधून मागच्या वर्षांचीही पत्रे आम्ही तयार केली.

निकाल सरळ चढता नव्हता. पहिल्या वर्षी तिकिटांचे उत्पन्न घटले आणि कार्यक्रम जेमतेम स्वतःच्या पायावर उभा राहिला. वाद्यवृंदासाठी येणारे काही जुने देणगीदार आले नाहीत आणि त्यांपैकी दोघांनी देणगीही थांबवली. दुसरीकडे, आपला पैसा थेट निवाऱ्याच्या भाकरीला जातो हे पावतीवर वाचून काहींनी रक्कम वाढवली, आणि निवाऱ्याच्या हाती आलेली एकूण रक्कम आदल्या वर्षाहून थोडी जास्त भरली. एका वर्षाच्या आकड्यावरून यापेक्षा अधिक निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही.

एक वाद अजून मिटलेला नाही. बिदागी म्होरक्याच्या हाती न देता प्रत्येक कलावंताच्या नावाने वेगळी द्यावी, असे आम्ही ठरवले होते आणि त्या यादीत दिवटी धरणाऱ्या मुलाचेही नाव घातले होते. गोंधळी संचाच्या म्होरक्यांना ते पटले नाही. वाटे कसे पडतात हे संचाचे आपसातले ठरलेले असते. संबळ एकट्याने पेलता आल्याशिवाय शिकणाऱ्याला वाटा मिळत नाही, त्याला जेवण आणि कपडे संच देतो, आणि आजच पाकीट हातात आले तर तो शिकणे सोडेल, असे त्यांनी सांगितले. मुलगा त्यांचा पुतण्या आहे. समितीत यावर दोन मते पडली. मला म्होरक्यांचे शिकवण्याबद्दलचे म्हणणे बरोबर वाटते आणि मुलाचे नाव यादीतून काढणे चूक वाटते. तूर्त त्याच्या नावाची रक्कम वहीत वेगळी काढून ठेवली आहे. पत्र मात्र त्याच दिवशी त्याच्या हातात दिले. त्यावर 'गोंधळ : दिवटी' असे लिहिले आहे, आणि म्होरक्यांनी ते वाचून घेऊन, घडी घालून, आपल्या पत्रांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले.